दहावी, फिटर आणि भाताचं खाचर

आमच्या कल्याण तालुक्यात पोरगं कामधंद्याला लागलं की 'चिकटलं' म्हणायची रीत. "अमक्याचा पोरगा कुठं चिकटला?" "त्याला मामाने रेल्वेत चिकटवला." जरा शिकलेल्या घरात 'लायनीला लागला' म्हणत. आमच्याकडं लाइन म्हणजे आधी रेल्वेचीच, त्यामुळे तो शब्द ऐकला की मला रुळांचा खडखडाट आठवतो. दोन्ही शब्दांत एक गोष्ट सारखी आहे. पोरगा स्वतः काही निवडतो असं त्यांत कुठंच नाही. कुणीतरी त्याला लावतो, कुणीतरी चिकटवतो.

हे लावायचं काम शाळेने केव्हा हातात घेतलं आणि कसं केलं, ते मी पन्नास वर्षं जवळून बघत आलोय. मी दहावीपर्यंत शिकलो आणि नंतर शेती केली. गोवेलीच्या पुढं, मुरबाड रस्त्याच्या आतल्या बाजूला माझं गाव. डोळ्यांनी बघितलेलं लिहितोय, थोडं म्हाताऱ्या माणसांकडून ऐकलेलं, आणि बाकीचं कल्याणच्या सार्वजनिक वाचनालयातून पुस्तकं आणून वाचलेलं.

१६ एप्रिल १८५३ला ठाण्यापर्यंत आगगाडी आली आणि पुढच्याच वर्षी ती कल्याणला पोचली. आमच्या आजाच्या पिढीत गावातून जे बाहेर पडले ते रेल्वेतच, गँगमन म्हणून नाहीतर खलाशी म्हणून. त्याला शिक्षण लागत नव्हतं, अंगात जोर लागायचा. शिकलेल्याला एक वाट होती. सातवीची व्हर्नाक्युलर फायनल पास व्हायचं आणि मास्तर, तलाठी किंवा पोस्टमन व्हायचं. आमच्या गावात ती परीक्षा झालेले दोघंच होते. एक मास्तर झाले. दुसऱ्याने भात भरडायची गिरणी टाकली. पैशाने गिरणीवाला बरा राहिला, पण लग्नात पहिला नारळ मास्तरांच्या हातात जायचा.

शाळेत शेतीचं शिक्षण असावं ही मागणी काही आजची नाही. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगाला निवेदन दिलं. खेड्यातल्या मुलांना मोडी-बाळबोध वाचन-लेखन आणि हिशेब यांच्या जोडीला शेतीचंही प्राथमिक ज्ञान द्यावं, शाळांना जोडून लहान लहान नमुना शेतं असावीत, असं त्यांनी त्यात सांगितलं. मास्तर कसा असावा तेही सांगितलं. शेतकऱ्यांत मिसळणारा, आणि वेळ पडली तर नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हातात धरायला ज्याला लाज वाटणार नाही असा. पुढं १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हातातल्या उद्योगातून शिक्षण द्यायची कल्पना मांडली. ती आमच्या गावापर्यंत आली ती टकळी घेऊन.

आमच्या शाळेच्या पाटीवर 'जीवन शिक्षण विद्यामंदिर' असं लिहिलेलं होतं. साठीच्या दशकाच्या अखेरीला मी तिथं सूत काढलेलं आहे. त्या सुताचं पुढं काय व्हायचं ते कुणालाच माहीत नव्हतं. शाळेच्या मागं वांगी-मिरचीचे चार वाफे होते. गुरुजी घाटावरचे. त्यांनी भाताची लावणी कधी पाहिली नव्हती. ते आम्हाला वांग्याला आळं कसं करायचं ते शिकवत आणि आम्ही त्यांना राब कसा भाजतात, आवण केव्हा काढतात ते सांगत असू. भला माणूस होता. पण एकदा मी शाळेतून हातपाय मातीने भरवून घरी आलो, तेव्हा माझे बाबा तडक शाळेत गेले. म्हणाले, "गुरुजी, चिखल तुडवायला मी घरी शिकवतो. तुम्ही त्याला कागद वाचायला शिकवा, म्हंजे तलाठी आम्हाला फसवणार नाय."

बुनियादी शिक्षण खेड्यात का रुजलं नाही याचं अर्धं उत्तर बाबांच्या या बोलण्यात आहे. उरलेलं अर्धं असं, की कल्याण-ठाण्याच्या हायस्कुलांत पोरं इंग्रजी घोकत होती आणि इकडं आमच्या हातात टकळी होती. हा फरक अंगठा उठवणाऱ्या माणसालाही कळत होता.

तेव्हाच्या आमच्याच ठाणे जिल्ह्यात, लांब डहाणूकडं, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५पासून बोर्डीला आणि नंतर कोसबाडला निराळंच काही करून दाखवलं. गुरं राखणाऱ्या आदिवासी पोरांसाठी त्यांनी कुरणात शाळा भरवली, कुरणशाळा. पोराने काम सोडून शाळेत यावं असं म्हणण्याऐवजी शाळाच कामाच्या जागी गेली. आमच्या बाजूला तशी शाळा कुणी काढली नाही. आमच्या बाजूला कारखाने आले.

अंबरनाथला संरक्षण खात्याचा कारखाना आला, मोहोन्याला एनआरसी आली, शहाडला सेंच्युरी रेयॉन आली. १ ऑगस्ट १९६२ला एमआयडीसी स्थापन झाली आणि तिची पहिली वसाहत ठाण्याची वागळे इस्टेट. पाठोपाठ डोंबिवलीला वसाहत झाली. रेमंडची गिरणी तर ठाण्यात १९२५पासूनच होती. आता या कारखान्यांत जागा आहे हे गावात कुणी सांगायचं? सरकारी जाहिरात पेपरात यायची, पेपर गावात यायचा नाही. सांगायचे ते दूधवाले. पहाटे सायकलला कॅन लावून कल्याणच्या दूधनाक्यावर, शहाड-मोहोन्याच्या कॉलन्यांत दूध घालायला जाणारी आमची माणसं. कुठल्या गेटवर भरतीचा बोर्ड लागला, कुठला मुकादम ओळखीचा आहे, कुठं कॅज्युअल म्हणून घेतात आणि कुठं सहा महिन्यांत ब्रेक देऊन घरी बसवतात, ही सगळी खबर रिकाम्या कॅनबरोबर दुपारपर्यंत गावात यायची. आमच्या भागातले पहिले व्यवसाय मार्गदर्शक कोण असं मला कुणी विचारलं तर मी दूधवाल्यांचं नाव सांगेन. त्यांची खबर सहसा चुकायची नाही, कारण कॉलनीत दुधाचं बिल पगाराच्या दिवशी मिळायचं आणि कुठल्या कंपनीचा पगार रखडला ते त्यांना कामगार संघटनेच्या आधी कळायचं.

मग शाळेत हे काम आलं. १९७५ साली राज्यात दहावीची नवी परीक्षा सुरू झाली आणि जुनी अकरावीची मॅट्रिक संपली. आमची १९७६ची दुसरी तुकडी. दहावी पास म्हणजे मॅट्रिक धरायचं की नाही यावर गावात चावडीपाशी वाद झालेले मी ऐकलेत. आमच्या हायस्कुलात इतिहास आणि चित्रकला शिकवणारे एक सर होते. ते मुंबईला जाऊन काही दिवसांचं शिक्षण घेऊन आले आणि हेडमास्तरांनी प्रार्थनेच्या वेळी सांगितलं की आता हे आपल्या शाळेचे करिअर मास्टर. आम्हाला माहीत असलेलं कॅरिअर सायकलच्या मागं असायचं. त्या दिवसापासून सरांचं नाव पडलं ते पडलंच.

त्याच्या मागची हकिकत मला पुष्कळ उशिरा वाचायला मिळाली. मुंबई सरकारने १९५०च्या सुमारास मुंबईत व्यवसाय मार्गदर्शनाचं कार्यालय काढलं होतं. मुदलियार आयोगाने १९५३ साली माध्यमिक शाळांत असं मार्गदर्शन हवं म्हणून लिहिलं, कोठारी आयोगाने १९६६ साली पुन्हा लिहिलं, वर मुलांना कामाचा अनुभवही द्या म्हणाले. शाळेशाळेला पगारी मार्गदर्शक नेमायला पैसे नव्हते, म्हणून आहेत त्याच शिक्षकांपैकी एकाला थोडं शिकवून करिअर मास्टर करायचं. आमच्या सरांना त्याचे जादा पैसे मिळत नव्हते. आठवड्याला एक तास आणि वाचनालयातलं अर्धं कपाट मिळालं होतं.

त्या कपाटाच्या दारावर सरांनी स्वतः रंगवलेला एक तक्ता होता. एक मोठं झाड. बुंध्यावर 'दहावी' लिहिलेलं. फांद्यांवर कला, वाणिज्य, विज्ञान, तंत्रनिकेतन, आयटीआय, डी.एड., पोलीस, मिलिटरी. आयटीआयची फांदी सर्वांत जाड आणि तिला फिटर, टर्नर, मशिनिस्ट, वेल्डर, वायरमन, मोल्डर अशी पानं. सरांना पोरांची घरं माहीत होती, म्हणून त्यांनी तीच फांदी जाड काढली होती. ठाण्याच्या एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमध्ये नाव कसं नोंदवायचं, कार्ड वेळेवर रिन्यू नाही केलं तर नंबर कसा मागं जातो, दाखल्यांच्या खऱ्या नकला कुणाकडून सही करून घ्यायच्या, हे त्यांनी आम्हाला फळ्यावर लिहून दिलं. पोलिसात जायचं म्हणणाऱ्यांच्या छात्या टेप लावून मोजल्या. एका शनिवारी पंधरा पोरांना एसटीने कल्याणला आणि तिथून लोकलने अंबरनाथच्या आयटीआयत नेलं. तिथं आमच्याच वयाची पोरं व्हाइसमध्ये लोखंडाचा तुकडा धरून कानस घासत होती. शिकवणारा माणूस एकाच्या हातातला तुकडा घेऊन म्हणाला, "एक सूत जास्त गेलंय." आम्ही शाळेत काढलं ते एक सूत, आणि कारखान्यात इंचाचा आठवा भाग तेही सूत. माझ्या शेजारचा पोरगा कानात म्हणाला, "आपण पयल्यापासून फिटरच व्हतो की रं."

सरांनी एकदा सायक्लोस्टाइल केलेले कागद वाटले. तुला काय आवडतं, काय जमतं, असे प्रश्न. मी आवडतं याच्या पुढं 'बैल' लिहिलं. तेव्हा आमच्याकडं खिलारी नव्हे, पण चांगली ठेंगणी गावठी जोडी होती आणि चिखलणीला मीच तिला धरायचो. सरांनी कागद वाचला. हसले नाहीत. म्हणाले, "बैल आवडतात हे चांगलंच आहे. पण त्यासाठी अर्ज कुठं करायचा ते मला सांगता यायचं नाही."

सरांचं ते वाक्य मी विसरलो नाही. राग म्हणून नव्हे. माणूस खरं बोलला. ज्या कामाचा छापील अर्ज निघतो तेवढंच काम मार्गदर्शनाच्या कपाटात मावतं. झाडाच्या त्या तक्त्यावर 'कृषी पदविका' असं एक पान होतं, तेही सरकारी नोकरीच्या बाजूला. शेती कुठंच नव्हती. नापास झालेल्यांनी काय करायचं तेही तक्त्यावर नव्हतं, आणि आमच्या शाळेत शेती म्हणजे तेच समजलं जायचं.

मला ४८ टक्के मिळाले. सर सायकलवर घरी आले, बाबांना म्हणाले, याला आयटीआयला घाला, मोल्डरला तरी मिळेल. बाबांनी त्यांना पाट दिला, चहा दिला, आणि सांगितलं, "सर, दोन पोरं हायत. दोघंही कंपनीत गेले तं सातबारावर कोण उभा राहील?" हे बोलणं समजायला एक तारीख लक्षात घ्यावी लागते. १ एप्रिल १९५७. कुळकायद्याने त्या दिवसापासून कसणारा जमिनीचा मालक ठरला. आमचा आजा आणि बाबा कुळ होते. अर्धं भात मालकाच्या खळ्यात घालून यायचे. पावणेचार एकर जमीन नावावर होऊन तेव्हा विसाव्या वर्षात पदार्पण होत होतं. ज्या जमिनीसाठी तीन पिढ्या माप घातलं, ती मिळाल्यावर पहिल्याच पिढीने सोडायची हे बाबांना पटण्यासारखं नव्हतं. आणि सगळेच शेतात राहिले तर हातात रोकड यायची नाही हेही त्यांना कळत होतं. त्यांनी वाटणी केली. मोठा जमिनीला, धाकटा लायनीला. कुठल्याही कल-परीक्षेत घराचा असा विचार मी अजून पाहिलेला नाही. तिथं पोरगं एकटंच धरतात, जसं काही त्याला ना भाऊ, ना जमीन, ना म्हातारे आईबाप.

माझा धाकटा भाऊ १९७८ला अंबरनाथच्या आयटीआयत गेला, फिटर झाला, अॅप्रेंटिस झाला, आणि डोंबिवलीच्या बाजूला एका कंपनीत १९८२ला कायम झाला. त्याच्या पहिल्या मोठ्या बोनसातून आम्ही डिझेलचं इंजिन घेतलं. नदीचं पाणी वर आलं आणि भात कापल्यावर वालाशिवाय काही न होणाऱ्या खाचरांत भेंडी, काकडी, गवार उभी राहिली. दिवाळीनंतर त्याच्या खोलीवर तांदळाच्या गोणी जायच्या. संप झाला तेव्हा तीन महिने त्या घरात तांदूळ आणि भाजी विकत आणली नाही. बाबांची वाटणी वीस वर्षं बरोबर चालली.

पोरींचं काय, असं कुणी विचारेल. आमच्या वर्गात सात मुली होत्या. त्यांना आयटीआयला नेलं नाही. त्या तासाला त्यांना शिवणकामाच्या बाईंकडं पाठवत. एक नर्सिंगला गेली, एक अंगणवाडीत सेविका झाली, पाच जणींची लग्नं झाली. माझ्या बहिणीला गणितात माझ्या दुप्पट मार्क होते. आजही माझा भाजीचा हिशेब मी तिला फोन करून तपासून घेतो.

मग गेटं बंद व्हायला लागली. कुणाचा माल खपेना, कुणाचं कर्ज वाढलं, कुणाला यंत्रांपेक्षा कारखान्याखालची जमीन महाग दिसायला लागली. डोंबिवलीजवळ प्रीमिअरच्या कारखान्यात नव्वदच्या दशकात प्यूजो गाडी निघाली तेव्हा आमच्या भागातली पोरं तिथं लागायला धडपडत होती, आणि ते दशक संपायच्या आत ती गाडी बंद झाली. ठाण्याची रेमंड गिरणी आणि मोहोन्याची एनआरसी, दोन्ही २००९ साली थांबल्या. माझ्या भावाची कंपनी त्याआधीच, २००१ला, एका सोमवारी बंद झाली. गेटवर नोटीस होती, आत कुलूप होतं. नाव घेत नाही. ग्रॅच्युइटीचे सगळे पैसे काही त्याला मिळाले नाहीत. तेव्हा तो एक्केचाळीस वर्षांचा होता. एक्केचाळीसाव्या वर्षी पुढं काय, हे सांगणारा करिअर मास्टर कुठल्याच शाळेत नसतो.

तो गावी आला. जमीन होती म्हणून येता आलं. पहिल्या वर्षी लावणीत त्याची कंबर धरली. पण फिटरचे हात फुकट गेले नाहीत. पंप, फवारणीचे पंप, भात झोडायची यंत्रं, सगळ्या शिवाराची दुरुस्ती त्याच्याकडं यायला लागली. त्याच्याबरोबर कंपनीत असलेले, ज्यांनी दरम्यान जमीन विकून टाकली होती, ते कुठं वॉचमन, कुठं रिक्षावर गेले.

फांदी वाळली हे शाळांना समजायला वेळ लागतो. २००० नंतर आमच्या भागात सगळ्यांनी एकच सल्ला दिला, डी.एड. करा, मास्तरकी पक्की. कॉलेजं निघाली, फिया भरल्या. आणि २०१० नंतर जिल्हा परिषदांची शिक्षक भरती अनेक वर्षं अडकली, २०१३पासून वर टीईटीची परीक्षा आली. आमच्या वाडीत डी.एड. झालेल्या चार मुली आहेत. एक कल्याणला मॉलमध्ये कपड्यांच्या दुकानात उभी राहते. दूधवाले असते तर त्यांनी दोन वर्षं आधी सांगितलं असतं, असं मी गमतीने म्हणतो.

ठाण्यात मात्र एक वेगळी गोष्ट झाली, तिची नोंद केली पाहिजे. डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या आयपीएच या मानसिक आरोग्याच्या संस्थेने १९९१ साली 'वेध' नावाने विद्यार्थ्यांसाठी व्यवसाय परिषद सुरू केली. पुढं ती ठाण्याबाहेर राज्यातल्या कितीतरी गावांत गेली. पुतण्या दहावीत असताना भावाने मला त्याच्याबरोबर पाठवलं, कारण भावाला सुट्टी नव्हती. हॉल पोरांनी आणि आईबापांनी भरलेला. मी जाड फांद्यांचा तक्ता बघायला मिळेल अशा हिशेबाने गेलो होतो. तिथं व्यासपीठावर एकेका माणसाला बसवून, तू या कामात कसा आलास, कुठं अडलास, कुणी हात दिला, असं विचारत होते. जागा किती, पगार किती, हे जवळजवळ नव्हतंच. येताना लोकलमध्ये पुतण्या गप्प बसलेला. मी विचारलं, काय कळलं? म्हणाला, "काका, सगळे आधी दुसरंच काहीतरी करत होते." मला वाटतं त्या एका वाक्यासाठी तिकिटाचे पैसे वसूल. पण हॉलमधल्या गर्दीत डोक्याला टोपी असलेला मी एकटाच होतो हेही खरं. मुरबाड-शहापूरच्या पोराला एवढ्या लांब आणायला बापाचा एक दिवसाचा रोज बुडतो.

सगळ्या पोरांपर्यंत पोचलं ते सरकारच. फेब्रुवारी २०१६मध्ये राज्यातल्या दहावीच्या सगळ्या मुलांची कलचाचणी घेतली. शाळेतल्या कॉम्प्युटरवर बसवून प्रश्न विचारायचे आणि कल कुठं आहे ते सांगायचं. सात गट होते. कला, ललित कला, वाणिज्य, आरोग्य, तांत्रिक, गणवेशधारी सेवा आणि कृषी. शेवटचं नाव वाचून मी खूश झालो. सरांच्या झाडावर चाळीस वर्षं नव्हती ती फांदी कॉम्प्युटरने काढली होती. आमच्या शेजाऱ्याच्या पोराचा कल कृषीकडं निघाला. शेजारी कागद घेऊन माझ्याकडं आला, तोंड पडलेलं. "क्लासला एवढे पैसे भरले, आन् हे मशीन सांगतंय का शेती कर. नापास झालाय का वो हा?" मी म्हटलं, नापास नाही, त्याला आवडतं असं म्हणतंय. "आवडून काय उपेग? पोरगी कोण देल?" त्या प्रश्नाला चाचणीत रकाना नव्हता. पोरगा आज भिवंडीच्या एका गोदामात खोके स्कॅन करतो. संध्याकाळी घरी आल्यावर मळ्याला पाणी लावतो. कल चुकीचा नव्हता.

एकदा शेतकऱ्यांच्या सहलीत आम्ही पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम बघितला. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी मोठ्या कंपनीतली संशोधनाची नोकरी सोडून १९८३ साली तो काढला. तिथल्या अभ्यासक्रमात शाळेची मुलं वेल्डिंग करतात, रोपं करतात, कोंबड्या पाळतात, माती-पाणी तपासतात, आणि गावाची खरी कामं पैसे घेऊन करून देतात. आठवी ते दहावीला बोर्डाने तो विषय मान्य केला. माझ्या भावाने तिथलं वर्कशॉप बघितलं आणि म्हणाला, "आम्ही एकच सूत घासायला शिकलो. हे सगळंच शिकतात." कंपनी गेल्यावर भावाला जे वयाच्या एक्केचाळीसाव्या वर्षी जमवावं लागलं ते त्या पोरांना चौदाव्या वर्षी येत होतं. २०१५च्या पुढं आपल्याकडच्याही काही शाळांत नववी-दहावीला रिटेल, ऑटोमोबाईल, आरोग्य, शेती असे व्यवसायाचे विषय आलेत. ज्या शाळेला शिकवणारा मिळतो तिथं बरं चाललंय. कंत्राटावरचा शिकवणारा मधेच निघून गेला की पोरं पुस्तक पाठ करतात. स्पॅनरचं चित्र काढून नावं द्या, पाच गुण.

२०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना गावातल्या सुताराकडं, माळ्याकडं, कुंभाराकडं न्यावं असं लिहिलंय. गेल्या वर्षी आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंनी त्यासाठी माझं नाव घातलं. सातवीची बत्तीस पोरं मळ्यात आली. बाईंना वाटलं मी खुरपं कसं धरायचं ते दाखवेन. ते त्यांतल्या निम्म्यांना येतंच. मी वही घेऊन बसलो आणि हिशेब सांगितला. दहा गुंठे भेंडी. बी, खत, औषध, नांगरट, डिझेल, मिळून पंधरा हजार. दिवसाआड तोडा, पहाटे चारला उठून, दोन माणसं. अंदाजे हजार-बाराशे किलो माल. कल्याण मार्केटला कधी चाळीसचा भाव, कधी बारा. गेल्या हंगामात सरासरी तीस पडला, सगळं जाऊन साडेतीन महिन्यांत वीस हजारांच्या आसपास राहिले, त्यात घरच्या माणसांचा रोज धरलेला नाही. आदल्या वर्षी हळद्या रोग पडला, साडेचार हजार अंगावर आले. तेही वहीत होतं, तेही वाचून दाखवलं. भावाने पंप खोलून आतली व्हॉल्व दाखवली.

पोरांनी चांगले प्रश्न विचारले. डिलिव्हरीवाल्याला किती सुटतात आणि तुम्हाला किती, असा एकीने हिशेबच मांडला आणि दोघांची बेरीज करून आमच्या शेजाऱ्याच्या पोराचं कसं चाललंय ते बरोबर ओळखलं. मग मागं बसलेला एक बारका पोरगा म्हणाला, "आजोबा, पण तुमची ही जमीन राहणार का?" त्याच्या घरची गेल्या साली गेली. पलीकडं समृद्धीचा रस्ता आमण्यापर्यंत आला, गोदामं मुरबाड रस्त्याकडं सरकतायत, माझ्या बांधापासून तिसऱ्या शेतात पत्र्याचं कुंपण पडलंय. दलालाचा फोन आठवड्याला येतो. मी त्याला सांगितलं की सातबारावर आमच्या दोघा भावांची नावं आहेत, दोघांनीही सही केलेली नाही, आणि पुतण्याने फार्मसी करून कल्याणला दुकान टाकलंय, तोही म्हणतो विकू नका. नातीचं अजून माहीत नाही, ती यंदा नववीत आहे.

जाताना बाईंनी विचारलं, पुढच्या वर्षी केव्हा आणू? मी म्हटलं, हिवाळ्यात नको, जुलैत आणा, लावणीला. पोरांना जुने कपडे घालून पाठवा आणि घरी आधी कळवा, नाहीतर कुणाचा तरी बाप शाळेत भांडायला येईल.